लोकसंख्येचा तक्ता, दीडशे शब्द आणि अडकलेला अर्धा बँड

वारजे_ते_हिंजवडी | शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

गेल्या महिन्यात आयल्ट्स अकॅडेमिक दिली, म्हणजे परदेशी विद्यापीठांसाठीची इंग्रजीची परीक्षा. तिच्यात गुणांना बँड म्हणतात, नऊपैकी. लिसनिंग ८, रीडिंग ७.५, स्पीकिंग ७ आणि रायटिंग ६. विद्यापीठाला प्रत्येकात किमान ६.५ हवेत. म्हणजे अर्ध्या बँडने गाडी चुकली. आईला सांगितलं तर म्हणाली, "सहा म्हणजे साठ टक्के, वाईट काय त्यात?" नऊपैकी सहा आहेत म्हटल्यावर तिला आणखीच बरं वाटलं.

निबंध ठीक गेला होता. मार बसलाय तो पहिल्या टास्कला, आकड्यांच्या वर्णनाला. परीक्षेतला प्रश्न इथे देत नाही, पण विषय लोकसंख्येचाच होता. डेक्कनच्या एका क्लासला दीड महिना जात होते. तिथे चाळीस शब्दांची यादी पाठ करून घेतली. वाढलं म्हणायला सोअर्ड, सर्ज्ड, स्कायरॉकेटेड. घटलं म्हणायला प्लंज्ड, प्लमेटेड. मी मिळतील तिथे सगळे वापरले. निकालानंतर विचारायला गेले तर उत्तर मिळालं, व्होकॅब्युलरी वाढवा. आता आणखी कुठे वाढवू?

सरावासाठी जनगणनेचे आकडे घेऊन स्वतःच एक तक्ता केलाय. पाच जिल्हे, २००१ आणि २०११:

ठाणे: ८१,३१,८४९ वरून १,१०,६०,१४८
पुणे: ७२,३२,५५५ वरून ९४,२९,४०८
मुंबई शहर: ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११
रत्नागिरी: १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९
सिंधुदुर्ग: ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१

यावर मी २११ शब्द लिहिले. पहिलं वाक्य म्हणजे प्रश्नच, एकदोन शब्द बदलून. मग ओळीने पाचही जिल्हे, सगळे आकडे शेवटच्या अंकापर्यंत. पुणे स्कायरॉकेटेड, कारण हिंजवडीतल्या आयटी कंपन्या. रत्नागिरी ग्रॅज्युअली प्लमेटेड, कारण नोकऱ्या नाहीत. शेवटी सरकारने कोकणाचा विकास करावा. काय चुकतंय ते स्पष्ट सांगा, वाईट वाटून घेणार नाही. (घेईन, पण दाखवणार नाही.)

मुळामुठा | शनिवार, रात्री ११:५८

बसा शेजारी. मलाही सहाच. आणि क्लासही बहुतेक तोच, कारण स्कायरॉकेटेड माझ्याही यादीत होता.

इंग्रजीचा_तास | रविवार, सकाळी ६:५०

मी परीक्षक नाही, हे आधी सांगतो. कॉलेजात इंग्रजी शिकवतो आणि काही वर्षं मुलांची या परीक्षेची तयारी करून घेतोय.

रायटिंगला चार निकष असतात आणि चौघांचं वजन सारखं. सांगितलेलं काम नीट केलंत का, मजकूर सलग लागतो का, शब्दसंपत्ती, आणि व्याकरण. तुमच्या क्लासने चौघांपैकी तिसराच धरून ठेवला. तुमचा घोटाळा पहिल्यातच आहे.

तुमच्या उत्तरात ओव्हरव्ह्यू नाही. बँडचं वर्णन जाहीरपणे उपलब्ध आहे, ते एकदा वाचा. सातच्या रकान्यात स्पष्ट ओव्हरव्ह्यू हवा म्हटलंय. पाचच्या रकान्यात अशी उत्तरं येतात ज्यांत तपशील यंत्रासारखे ओतलेले असतात आणि ओव्हरव्ह्यूचा पत्ता नसतो. पाच जिल्हे ओळीने, दहा आकडे ओळीने, हे ओतणंच झालं.

ओव्हरव्ह्यू म्हणजे काय ते सांगतो. आई स्वयंपाकघरात आहे, कुकरची शिट्टी होतेय, तुम्ही बाहेरच्या खोलीत पेपरातला हा तक्ता बघताय. ती विचारते, "काय गं आलंय?" तेव्हा तुम्ही तिला ८१,३१,८४९ सांगणार नाही. तुम्ही म्हणाल, "ठाणं आणि पुणं फुगलंय, बाकीचे तिघं आटलेत, आणि त्यातही मुंबई शहर सगळ्यात जास्त." झाला ओव्हरव्ह्यू. त्यात एकही आकडा नको. सुरुवातीच्या वाक्यानंतर लगेच लिहून टाका, शेवटाला ठेवलंत आणि वेळ संपली की गेला.

दुसरं, प्रश्नातले शब्द जसेच्या तसे उचलले तर ते तुमच्या शब्दांत मोजत नाहीत. तेव्हा २११ मधले किती खरे ते बघा.

तिसरं, कारणं काढा. हिंजवडी तक्त्यात नाही. सरकारने काय करावं हेही तक्त्यात नाही.

कोकणातला_पुणेकर | रविवार, सकाळी ९:१५

कारणं काढा म्हणजे? नोकऱ्या नाहीत यात खोटं काय आहे हो? माझं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. आमच्या वाडीत आठ घरं, पाचांना कुलूप. गणपतीत उघडतात, पुन्हा कुलूप. आजोबा गिरणीत होते, वडील गोदीत, मी कोथरूडात. याच जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत, सिंधुदुर्गात १०३६. अख्ख्या महाराष्ट्रात ९२९ असताना! पुरुष गेले कुठे हे सांगायला पीएचडी लागत नाही. ताईंनी लिहिलं ते अक्षर न् अक्षर खरं आहे.

इंग्रजीचा_तास | रविवार, सकाळी ९:४०

खरं आहे म्हणूनच जड जातंय ते काढायला. पहिल्या टास्कमध्ये तुम्ही दुसऱ्याच्या तक्त्याचे दुभाषे आहात. तक्ता जेवढं बोलतो तेवढंच. परीक्षकाला संगमेश्वर माहीत नाही आणि तुम्हाला तरी कुठल्यातरी परक्या देशातल्या कुठल्यातरी शहराचा तक्ता आला तर कारण माहीत असणार आहे का? तिथे मुलं कारणं बनवतात, आणि ती बनवलेली आहेत हे लगेच कळतं.

तुमची कुलूपबंद पाच घरं मात्र जपून ठेवा. निबंधात स्थलांतराचा विषय आला, किंवा स्पीकिंगला गावाबद्दल विचारलं, तर यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

रात्रपाळी | रविवार, सकाळी १०:०५

नर्स आहे, ड्युटीवरून आत्ताच आलेय, म्हणून थोडक्यात. पहिल्या वेळी मी पहिल्या टास्कला ३२ मिनिटं घातली. एकूण तास एकच, आणि निबंधाचं वजन दुप्पट. दीडशे शब्दांसाठी वीस मिनिटं, अडीचशेसाठी चाळीस, हे तिथे लिहिलेलंच असतं, पण आकडे दिसले की आपण चार्टर्ड अकाउंटंट होतो. २११ शब्द कशाला? १७० पुष्कळ झाले.

आणि संगणकावर दिली असेल तर फक्त एकच विभाग पुन्हा देता येतो, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत. तुमचं विद्यापीठ तसा निकाल धरतं का ते आधी विचारा, सगळी धरत नाहीत.

वारजे_ते_हिंजवडी | रविवार, सकाळी १०:३०

संगणकावरच दिली होती! विद्यापीठाला मेल टाकते. रात्रपाळी ताई, झोपा आता.

माजी_प्रगणक | रविवार, दुपारी १:२०

मी शाळेतून निवृत्त झालेला गणिताचा मास्तर. इंग्रजीतलं मला फार कळत नाही, पण लोकसंख्या या विषयात थोडा अधिकार आहे, कारण ती मी मोजलेली आहे. १९९१ आणि २००१, दोन्ही वेळा प्रगणक होतो. पेठेतल्या वाड्यांचे जिने चढून माणसं मोजायची म्हणजे गुडघे दाखवायला वेगळा तक्ता लागतो. २००१ ला ९ ते २८ फेब्रुवारी घरोघर फिरलो आणि २८ च्या रात्री बेघर माणसं मोजायला स्वारगेटला गेलो. १ मार्चची मध्यरात्र हा हिशेबाचा क्षण, म्हणून छप्पर नसलेल्यांची मोजणी त्याच रात्री. एक म्हातारा म्हणाला, "मला मोजून काय करणार?" त्याला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण तो देशाच्या त्या १,०२,८७,३७,४३६ मध्ये आहे.

असो. पोरी, तुझ्या प्रश्नाकडे येतो.

पहिली गोष्ट, तुझे आकडे लाख-कोटीत आहेत आणि लिहायचे आहेत मिलियनमध्ये. दहा लाखांचं एक मिलियन, एका कोटीचे दहा, शंभर कोटींचं एक बिलियन. हे सगळ्यांना येतं आणि घाईत सगळे चुकतात. सोपी रीत अशी की आपला स्वल्पविराम विसरायचा आणि उजवीकडून तीन-तीन अंक सोडत जायचं. १,१०,६०,१४८ चे ११ मिलियन आणि थोडे. माझ्या नातवाने एकदा ठाण्याची वस्ती ११० मिलियन केली होती. म्हणजे महाराष्ट्राची ११ कोटी २३ लाख, तेवढं जवळजवळ एकट्या ठाण्यात बसवलं. हां, आणि आकड्यापुढे मिलियनला एस लावायचा नाही, हे त्याच्या बाईंनी सांगितलेलं.

दुसरी गोष्ट जरा नाजूक. लोकसंख्या आणि लोकसंख्या वाढीचा दर, या दोन वेगळ्या जिनसा आहेत. १९९१ ते २००१ मध्ये देश २१.५ टक्क्यांनी वाढला, २००१ ते २०११ मध्ये १७.७ टक्क्यांनी. दराची रेघ खाली गेली म्हणून पोरं लिहितात की लोकसंख्या घटली. घटली कुठे? त्याच दहा वर्षांत १८ कोटी माणसं वाढली! गाडी ऐंशीवरून साठवर आली म्हणजे मागे जायला लागली का? देश खरोखर मागे गेला तो एकाच दशकात, १९११ ते १९२१. २५.२१ कोटींचे २५.१३ कोटी झाले. इन्फ्लुएंझाची साथ त्यातच येते. तेव्हा आलेखाच्या उभ्या रेघेपाशी काय लिहिलंय, माणसं की टक्के, ते आधी वाच. मी पेपर तपासताना अर्धे मार्क तिथेच कापायचो.

तिसरी गोष्ट टक्क्यांची. शहरी लोकसंख्येचा वाटा देशात २७.८ टक्के होता, तो ३१.२ झाला. किती वाढला? ३.४ टक्के म्हणशील तर चूक. ३.४ टक्के हे २७.८ चे काढून बघ, एकसुद्धा भरत नाही. वाटा वाढला ३.४ टक्केबिंदूंनी, इंग्रजीत त्याला पर्सेंटेज पॉइंट म्हणतात. टक्क्यांत वाढ मोजायची तर ती १२ टक्के होते.

आता चौथी, आणि माझ्या मते हीच तुमच्या लोकांची दुखरी नस. नातवाची वही बघितली तेव्हा 'इन्क्रीज्ड बाय' आणि 'इन्क्रीज्ड टू' यांची सरमिसळ सगळीकडे. तो म्हणे, आजोबा, प्रीपोझिशन पाठच होत नाहीत. मी म्हटलं, पाठ कशाला करतोस, मराठी बोलतोस ना? ठाणं २९ लाखांनी वाढलं. नी म्हणजे बाय. एक कोटी दहा लाखांवर गेलं. वर म्हणजे टू. एक्याऐंशी लाखांवरून. वरून म्हणजे फ्रॉम. लोकसंख्येत वाढ झाली, त म्हणजे इन. २९ लाखांची वाढ, ची म्हणजे ऑफ. आपण आयुष्यात 'पेट्रोल पाच रुपयांनी वाढलं' आणि 'पाच रुपयांवर गेलं' यांत गोंधळ करत नाही. गोंधळ इंग्रजीत शिरल्यावर होतो. म्हणून माझं सांगणं, वाक्य आधी मराठीत ठरव, मग उतरव.

मुळामुठा | रविवार, दुपारी १:४५

नी, वर, वरून, त, ची. भिंतीवर चिकटवलं. इतके पैसे भरून क्लासला हे कोणी सांगितलं नव्हतं.

इंग्रजीचा_तास | रविवार, दुपारी ४:१०

मास्तर, विभक्तीची युक्ती मी उद्याच वर्गात वापरणार. दाद देतो. पण 'वाक्य मराठीत ठरव' याला माझा विरोध आहे. प्रत्यय जुळतात, वाक्य जुळत नाही.

वहीतली उदाहरणं देतो. 'पुण्यात लोकसंख्या जास्त आहे' याचं होतं 'इन पुणे पॉप्युलेशन इज मोर'. मोर कोणापेक्षा? तिथे 'पुणे हॅड अ लार्जर पॉप्युलेशन दॅन रत्नागिरी' हवं. 'लोकसंख्येत वाढ झाली' मधून 'इन पॉप्युलेशन इन्क्रीज हॅपन्ड' निघतं. 'लोकसंख्येची संख्या' मधून 'द नंबर ऑफ पॉप्युलेशन', जे मराठीतही चूकच आहे, पण मराठीत कोणी मार्क कापत नाही. पॉप्युलेशन वाढते किंवा माणसांचा नंबर वाढतो, दोन्हींतलं एक घ्या.

वेळेचंही तेच. आपण मराठीत २००१ बद्दल बोलताना मध्येच 'आहे' म्हणतो आणि काही बिघडत नाही. इंग्रजीत २००१ गेलं की क्रियापदही गेलं पाहिजे. आणि पुढच्या वर्षाचे अंदाज असतील, म्हणजे आलेख २०५० पर्यंत जात असेल, तर 'इज प्रोजेक्टेड टू' किंवा 'इज एक्स्पेक्टेड टू'. तिथे छातीठोक भूतकाळ लिहिणारी पोरंही बघितलीत.

माजी_प्रगणक | रविवार, सायंकाळी ५:३०

वाक्य म्हणजे मी शब्दरचना म्हणत नव्हतो हो. सांगायचं काय ते. मघाशी तुम्हीच नाही का स्वयंपाकघरातल्या आईला तक्ता सांगितलात? ती काय इंग्रजीत विचारत होती?

इंग्रजीचा_तास | रविवार, सायंकाळी ५:४२

पकडलंत. मान्य.

आकडेमोड | रविवार, रात्री ९:००

उशिरा आलो. विदा, म्हणजे डेटा, हाताळणं हाच पोटापाण्याचा धंदा असल्याने राहवत नाही.

ताई, ग्रॅज्युअली हा शब्द आधी खोडा. तुमच्याकडे दोनच वर्षांचे आकडे आहेत. मधल्या नऊ वर्षांत रत्नागिरी हळूहळू उतरली, की आधी चढून मग घसरली, तुम्हाला काय ठाऊक? दोन खांब दिसतात, मधली तार दिसत नाही. स्टेडिली, ग्रॅज्युअली, फ्लक्चुएटेड हे शब्द रेघेच्या आलेखासाठी ठेवा, जिथे मधले बिंदू आहेत.

मग प्लमेटेड. रत्नागिरी ४.८ टक्क्यांनी घटली. शंभरातले पाचही पुरते नाहीत, तेही दहा वर्षांत. याला धाडकन कोसळणं म्हणाल तर मुंबई शहराच्या साडेसात टक्क्यांना काय म्हणाल? सिंधुदुर्ग तर २.२ टक्के. तिथे 'फेल स्लाइटली' एवढंच. आणि ग्रॅज्युअली प्लमेटेड म्हणजे सावकाश कोसळणं, हे फक्त आमच्या सोसायटीच्या कंपाउंड वॉललाच जमतं. पुण्याला ३० टक्के आणि ठाण्याला ३६ टक्के ही वाढ मोठी आहे, तिथे 'रोझ शार्पली' चालेल, पण स्कायरॉकेट म्हणजे रॉकेट. एका जागी एखादा झणझणीत शब्द ठीक, पाच ओळींत पाच झाले की तक्त्याची चव जाते.

आता जे लिहिलंच नाहीत ते. तक्त्यात तुलना भरून राहिल्यात. ठाण्याने दहा वर्षांत जेवढी माणसं मिळवली, २९ लाख, तेवढी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळूनही नाहीत. २०११ ची दोघांची बेरीज २५ लाखांच्या आत आहे. हे एक वाक्य दहा सुटे आकडे लिहिण्यापेक्षा वजनदार. किंवा २००१ मध्ये मुंबई शहर रत्नागिरीच्या जवळपास दुप्पट होतं. परीक्षक नेमकं हेच शोधतो, की तुम्ही आकड्यांना एकमेकांशी बोलायला लावलंत का.

आणि शेवटच्या अंकापर्यंत लिहू नका. 'जस्ट ओव्हर ११ मिलियन', 'रफली ९.४ मिलियन', 'जस्ट अंडर ८,५०,०००'. मास्तरांच्या म्हाताऱ्याला वगळायचं नाहीये, पण दीडशे शब्दांत तो मावत नाही.

अवांतर: हे ठाणे म्हणजे अविभाजित ठाणे. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. आजच्या ठाण्याशी हे आकडे ताडून बघाल तर डोकं फिरेल.

कोकणातला_पुणेकर | रविवार, रात्री ९:२०

सराव करायचाच तर मुलामुलींच्या प्रमाणाचा आलेख घ्या. महाराष्ट्रात एकूण स्त्रियांचं प्रमाण हजारी ९२२ वरून ९२९ वर गेलं, आणि त्याच दहा वर्षांत शून्य ते सहा वयाचं ९१३ वरून ८९४ वर आलं. एक रेघ वर, एक खाली. कारण लिहायचं नाही म्हणता. ठीक आहे. पण न लिहिता राहून दाखवा.

इंग्रजीचा_तास | रविवार, रात्री ९:३१

हा खरा परीक्षेसारखा प्रश्न आहे. 'व्हाइल' किंवा 'व्हेअरॅज' वापरायला याहून चांगली जागा नाही. फक्त ९२९ पुढे टक्क्याचं चिन्ह काढू नका, ते दर हजार पुरुषांमागे आहे. हसू नका, दरवर्षी कोणीतरी काढतंच.

मुळामुठा | रविवार, रात्री ९:५०

एक बाळबोध शंका. सगळे २०११ चेच आकडे का वापरताय? नवे नाहीत का?

माजी_प्रगणक | रविवार, रात्री १०:०५

नाहीत. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची जाहीर झालीय तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर सगळे अंदाज. भारताने चीनला मागे टाकलं हे २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं तेही अंदाजावरूनच. जुने खंड चाळायची हौस असेल तर बीएमसीसी रस्त्यावर गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय आहे. १९३० सालची संस्था, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक.

वारजे_ते_हिंजवडी | सोमवार, रात्री १०:४५

विद्यापीठाचं उत्तर आलं, एकाच विभागाचा निकाल चालेल! आज जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये बसून पुन्हा लिहिलं. १६८ शब्द, १९ मिनिटं. पूर्ण नाही टाकत, साचा सांगते.

सुरुवात: पाच जिल्ह्यांत २००१ आणि २०११ मध्ये किती लोक राहत होते, हे माझ्या शब्दांत. मग ओव्हरव्ह्यू: 'ओव्हरऑल, ठाणे अँड पुणे ग्रू कन्सिडरेब्ली, व्हेअरॅज द अदर थ्री डिस्ट्रिक्ट्स बिकेम स्मॉलर, विथ मुंबई सिटी लूझिंग द मोस्ट पीपल.' कुकरच्या शिट्टीसकट आठवलं ते वाक्य.

पहिला परिच्छेद वाढणाऱ्यांचा. ठाणे ८.१ मिलियनवरून ११ च्या थोडं पुढे, पुणे साधारण ३० टक्क्यांनी वाढून ९.४ मिलियन. आणि आकडेमोड यांची तुलना: ठाण्यातली वाढ दोन कोकणी जिल्ह्यांच्या एकूण वस्तीपेक्षा जास्त. दुसरा परिच्छेद घटणाऱ्यांचा. मुंबई शहर पाव मिलियनने कमी होऊन ३.१ मिलियनवर, रत्नागिरी ५ टक्क्यांच्या आत घट, सिंधुदुर्गात किरकोळ, साडेआठ लाखांच्या जरा खाली. हिंजवडी नाही, नोकऱ्या नाहीत, सरकार नाही. कोकणातला_पुणेकर, माफ करा.

यादीतला एकही शब्द वापरला नाही. जरा उघडंउघडं वाटतंय.

आकडेमोड | सोमवार, रात्री ११:०५

चांगलंय. गट पाडलेत हे मुख्य. एकच बघा, मुंबई शहर '३.१ मिलियनवर' याचं इंग्रजीत काय लिहिलंत?

वारजे_ते_हिंजवडी | सोमवार, रात्री ११:०९

'डिक्रीज्ड बाय ३.१ मिलियन'.

अरे देवा.

माजी_प्रगणक | सोमवार, रात्री ११:१५

म्हणजे मुंबईत अडीच लाखच उरले. बाकीचे मोजायला मला पुन्हा बोलवू नका, गुडघे गेलेत.

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ३:२०

वॉर्ड शांत आहे म्हणून वाचतेय. ताई, शेवटची तीन मिनिटं राखून ठेवा आणि फक्त बाय-टू शोधा. बाकी काही वाचू नका. तारीख कधीची मिळाली?

वारजे_ते_हिंजवडी | मंगळवार, सकाळी ७:३०

पुढच्या शनिवारी, सकाळी नऊ. बसमध्ये उभी आहे, चांदणी चौकात. समोरच्या जाहिरातीवर 'किमती २० टक्क्यांनी कमी' लिहिलंय. बाय. बाय. बाय.